नऊ लाखांची वंशावळ

माझ्या दादाच्या बैलजोडीचं वर्णन सध्या इंग्लंडातल्या लीड्स शहरात एका वकिलाच्या फायलीत पडलेलं आहे. रंग पांढरा, शिंगं उभी, एकाच्या उजव्या कानाला चीर, दोघेही दातांनी जुळलेले. किंमत ९५ हजार. विकणाऱ्याची सही, घेणाऱ्याचा अंगठा आणि वर बाजार समितीचा जांभळा शिक्का, तोही अर्धाच उमटलेला. त्या पावतीचं इंग्रजी मी केलं. कानाच्या चिरेसकट केलं, कारण भाच्यानं बजावलं होतं, मूळ कागदात आहे ते सगळं यायला हवं, गाळायचं काही नाही.

भाचा तिकडे नोकरी करतो आणि आता घर घेतोय. घर म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट. बँक कर्ज देते, पण सहसा किमतीचा दहावा हिस्सा पदरचा लागतो, आणि त्यात थोडी तूट येत होती. दादा म्हणाला, नऊ लाख मी देतो. आमच्या धामणगाव रेल्वे तालुक्यात दहा-बारा एकरांच्या कास्तकारानं पोराला नऊ लाख रोकडे देणं ही पारावर सांगण्यासारखी गोष्ट आहे, आणि दादानं ती सांगितलीही. पौंडात त्याचे आठ हजारसुद्धा होत नव्हते. पण तेवढ्यासाठी तिकडच्या वकिलानं जी यादी पाठवली, ती भाच्यानं मोबाईलवर वाचून दाखवली तेव्हा दादाचा आवाज बसला. देणारा कोण, नातं काय, ओळखपत्राची साक्षांकित प्रत, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, त्यातल्या प्रत्येक मोठ्या जमेचा खुलासा आणि त्या खुलाशाला आधार देणारा कागद. शिवाय एक पत्र, की हे पैसे मी बक्षीस देतोय, परत मागणार नाही, आणि घरात हिस्सा सांगणार नाही.

मी तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो, मग तो फवारणीच्या औषधाचा असो की पासपोर्टचा. त्या संध्याकाळी दादा फटफटीवर आला, चहा घेतला, आणि म्हणाला,

"बाई, पैसा कुठून आला म्हन्ते थो."

"विचारणारच ना दादा."

"वावरातून आला म्हनाव. अजून कुठून येते कास्तकाराचा पैसा?"

हे उत्तर खरं होतं. अडचण एवढीच, की त्याला सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडून द्यायचं होतं.

वकिलाला शिव्या देण्यात काही अर्थ नव्हता. ब्रिटनमध्ये गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेबद्दलचा कायदा २००२ चा आहे आणि मनी लाँडरिंगविरोधातले नियम २०१७ चे. घराच्या व्यवहारातला वकील, बँक, घरांचा दलाल, सगळे त्यात बांधलेले आहेत. पैशाबद्दल संशय येण्यासारखं काही असूनही कळवलं नाही, तर वकिलाला स्वतःला पाच वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. कळवायचं तिथल्या नॅशनल क्राइम एजन्सीला. आणि कळवलं, तर ते अशिलाच्या कानावर घालून चौकशीला धक्का लावणं हाही गुन्हाच. म्हणजे आपली फाईल अडली असेल तर ती का अडली हे तो प्रामाणिक वकील सांगूच शकत नाही. जगभरच्या चोरट्यांनी लंडनात बंगले घेऊन ठेवले, त्याची झळ लीड्समधल्या दोन खोल्यांना आणि तिथून आमच्या गावाला लागते, असा हा प्रवास आहे.

आपल्याकडचा मनी लाँडरिंगविरोधी कायदाही २००२ चाच. तो लागू झाला १ जुलै २००५ पासून. टीव्हीवर तो ईडीच्या धाडींमुळे दिसतो, म्हणून लोकांना वाटतं तो फक्त मोठ्यांसाठी आहे. पण बँकेत केवायसीसाठी आधार-पॅनच्या झेरॉक्सा पुन्हा पुन्हा मागतात, मोठी रोख भरताना पॅन मागतात, त्यातही याच काळजीचा हात आहे. एका महिन्यात दहा लाखांवर रोख उलाढाल झाली की बँक दिल्लीतल्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवते. संशयास्पद व्यवहार असेल तर रक्कम कितीही लहान असो, तोही कळवायचा असतो, आणि खातेदाराला त्याचा पत्ता लागू द्यायचा नसतो. दादाच्या गावच्या शाखेतल्या कॅशियरला हे सगळं माहीत आहे आणि तो ते "वरून आलं आहे" एवढ्या तीन शब्दांत सांगतो.

तर नऊ लाखांची फोड अशी होती. मुदत ठेव मोडून आलेले ५ लाख २५ हजार. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, घातलेल्या कापसाचे १ लाख ८५ हजार १६ रुपये. आणि एका दिवशी रोख भरलेले १ लाख ९० हजार.

मुदत ठेवीचं काम सगळ्यात आधी आटोपलं. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला, त्यात दादाचं एकरभर काळंभोर वावर गेलं. मोबदला थेट खात्यात आला होता. त्यातून विहीर झाली, घराचा पुढचा भाग बांधून झाला, भाच्याचं परदेशी शिक्षण झालं आणि उरलेले पैसे ठेवीत गेले. खरेदीखताची प्रत आणि त्या वर्षीच्या पासबुकाचं पान पाठवलं. दुसऱ्या दिवशी वकिलाचं उत्तर आलं, याबद्दल आणखी काही नको. दादा बराच वेळ त्या उत्तराकडे बघत होता. बापानं घेतलेलं वावर गेल्याचा पैसा एका कागदावर सिद्ध झाला. त्या वावराशेजारच्या वावरातून दरवर्षी निघालेल्या पैशासाठी मात्र आम्हांला पुढचे कितीतरी दिवस कपाटं उपसावी लागली.

सीसीआयचंही फार जड गेलं नाही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. २४ क्विंटल ६० किलो कापूस गेला. ओलावा आठ टक्क्यांच्या आत भरला म्हणून कटती झाली नाही, आणि पैसे आधारला जोडलेल्या खात्यात आले. काटापट्टी होती, स्टेटमेंटमध्ये नोंद होती. पण नाव जुळेना. सातबाऱ्यावर दादाच्या नावापुढे 'जी' आहे, आधारावर 'राव' आहे आणि बँकेत दोन्ही नाही. गावात हा माणूस एकच आहे हे कुत्र्यामांजरांनाही माहीत. इंग्लंडात तिघेजण झाले. मग पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, की ह्या तिन्ही नावांची व्यक्ती मीच. लिहून देणाऱ्यानं दादाला विचारलं, चौथं काही नाव आहे का? वहिनी म्हणाल्या, हाये, पन थे कागदावर लिवन्यासारखं नाई.

मग राहिले रोख १ लाख ९० हजार. वकिलानं त्या ओळीला पिवळा रंग देऊन बाजूला लिहिलं होतं, प्लीज एक्सप्लेन.

मी दादाला विचारलं, एकदम एवढे कुठून भरलेस? तो म्हणाला, एकदम कुठून असतीन, जमले तसे ठेवले आन् एका दिवशी नेऊन भरले. भाच्याचं ठरलं तेव्हा घरातल्या सगळ्या गाठोड्यांची मोजदाद झाली होती. ९५ हजार बैलजोडीचे. ५८,५०० खेडा खरेदीत दिलेल्या कापसाचे. उरलेले ३६,५०० वहिनींचे.

बैलजोडी विकली ह्याचं दादानं मला आधी सांगितलंही नव्हतं. पेरणी, डवरणी आता ट्रॅक्टरवर होते, सालगडी मिळत नाही, ढेपेचे भाव बघवत नाहीत, हे सगळं खरं. तरी आमच्या भागात बैल विकणं जरा खाली मान घालूनच होतं. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आमच्याच तालुक्यात भरतो, आणि दादा तरुणपणी तिथे स्वतःची जोडी घेऊन गेलेला माणूस. बाजारात बैल उतरवले की समिती पावती करते, वर्णन लिहिते, दोघांच्या सह्या घेते. चोरीचं जनावर विकलं जाऊ नये हा त्यामागचा जुना हेतू आहे. म्हणजे माल कुणाचा, कुठून आला, कुणाला गेला, हे विचारायची रीत आपल्याकडे बैलबाजारात केव्हाची आहे. लीड्सच्या वकिलाला ती पावती फार आवडली असावी. त्यानं त्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

कापसाच्या ५८,५०० वर मात्र गाडी रुतली. खेडा खरेदी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हंगामात व्यापारी मालवाहू गाडी आणि काटा घेऊन गावात येतो, दारात माप घेतो आणि जागेवर नोटा मोजतो. भाव बाजारापेक्षा कमी, काट्यावर कुणाचा भरवसा नाही, पण भाड्याचा खर्च नाही, रांग नाही आणि पैसा आज हातात. वेचणाऱ्या बायांचा हिशेब आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी करावा लागतो. त्यांना सीसीआयचे पैसे खात्यात येईपर्यंत थांबा असं सांगता येत नाही आणि सांगूही नये. त्यातून उलंगवाडीच्या, म्हणजे हंगाम संपतानाच्या, वेळचा शेवटचा कापूस कवडीचा, नीट न उमललेला, डागी असतो, तो केंद्रावर नेला तर परत यायचं भय. म्हणून चांगला कापूस केंद्रावर आणि शेवटचा दारात, असं बहुतेक घरांतून चालतं.

ह्या सौद्याचा पुरावा दादानं पाकिटातून काढून दाखवला. खिशातल्या डायरीचं फाडलेलं पान. त्यावर निळ्या पेनानं: ९, गुणिले ६५००, खाली रेघ, खाली ५८५००. तारीख नाही, नाव नाही, कापूस हा शब्दसुद्धा नाही. मागच्या बाजूला कुणाचा तरी मोबाईल नंबर, तोही नऊ आकडी.

व्यापाऱ्याला फोन केला. तो शेजारच्या गावचाच, लहानपणापासून ओळखीचा. म्हटलं, भाऊ, दादाचा कापूस घेतला एवढं एका कागदावर लिहून द्या. तो म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी काहीबी करतो, पन लिवून नोका मागू." त्याचं बरोबर होतं. त्याच्याकडे परवाना नव्हता. त्यानं लिहून दिलं असतं तर दादाचा पैसा पांढरा झाला असता आणि त्याचा धंदा काळा.

मग मी हिशेब मांडला. सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारामध्ये कपाशीचं क्षेत्र पाच एकर, ई-पीक पाहणीचा फोटो आहे. आमच्याकडे कोरडवाहूला एकरी सहा-सात क्विंटल सरासरी उतारा धरतात. पाच एकरांत ३३-३४ क्विंटल. त्यातला २४ क्विंटल ६० किलो सीसीआयला गेला, त्याची पट्टी आहे. उरलेला नऊ क्विंटल घरी ठेवून करणार काय, गाद्या भरणार? तो विकला, रोख मिळाला आणि भरला. असं निवेदन दादाच्या सहीनं पाठवलं. गादीचं वाक्य अर्थात लिहिलं नाही.

हे निवेदन लिहिताना मला पहिल्यांदा नीट दिसलं की सातबाऱ्यावर काय पेरलं ते असतं, घरी काय आलं ते कुठेच नसतं. बारा नंबरात पीक आहे, क्षेत्र आहे, पाण्याची सोय आहे. उत्पादन नाही, भाव नाही, खर्च तर नाहीच. नोकरदाराचा फॉर्म सोळा निघतो, दुकानदाराचं रिटर्न निघतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, आणि दुसरं उत्पन्न नसेल तर रिटर्न भरायचं कारण नाही. माफी मिळाली, पण तिच्याबरोबर कागदही माफ झाला. आयुष्यभर कर न भरलेला माणूस साठीला आल्यावर 'तुमचं उत्पन्न दाखवा' ह्या साध्या प्रश्नापुढे उघडा पडतो.

नाही म्हणायला एक सरकारी कागद होता, आणि दादानं तो मोठ्या अभिमानानं ट्रंकेतून काढून आणला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. भाचा इंजिनिअरिंगला होता तेव्हाचा, शिष्यवृत्तीसाठी काढलेला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न: बहात्तर हजार रुपये फक्त. आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला काढतात तो उत्पन्न कमी आहे हे दाखवण्यासाठीच. जास्त आहे हे दाखवायला तो कुणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. आता तो आकडा खोटा होता का? त्या काळात, २०१४-१५ ला, लांब धाग्याचा हमीभाव ४,०५० होता. बियाणं, खत, फवारणी, वेचणी आणि सोसायटीचं व्याज वजा केलं तर पाच एकर कपाशीत आणि थोड्या तुरीत काय उरलं असेल हे मला सांगता येणार नाही, आणि तलाठ्यालाही सांगता आलं नसतं. कुणी मांडलाच नव्हता तो हिशेब. दाखला जुना होता, वकिलानं मागितला नव्हता. मी तो परत ट्रंकेत ठेवायला लावला. दादा नाराज झाला. त्याच्या मते घरातला सगळ्यात वजनदार कागद तोच होता, त्यावर सिंह होते.

ह्या सगळ्या काळात माझी चिडचिड होत होती, नाही असं नाही. पण मन आवरावं लागलं, कारण शेतीच्या नावावर काय काय चालतं ते आमच्याच भागात दिसतं. शहरातला पैसेवाला इथे पाच-सात एकर घेऊन ठेवतो. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, विदर्भासाठी तर १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे, पण त्यातूनही वाट काढणारे असतात. वावरात तरोटा माजलेला. कागदावर मात्र संत्र्याची बाग. आणि बाग तरी कशी, आंबिया आणि मृग दोन्ही बहार एकाच वर्षी झोडपून देणारी, गारपीट नाही, फळगळ नाही, डिंक्या नाही. वरूड-मोर्शीच्या बागायतदारानं ते आकडे बघितले तर हात जोडून कलम मागायला जाईल. दुसरीकडून आलेला पैसा शेतीचा म्हणून दाखवला की करही नाही आणि डागही नाही. खऱ्या कास्तकाराकडे पावती नसते, ह्याच्यावरच ह्या लोकांची सगळी मदार. तोही म्हणतो वावरातून आला, दादाही म्हणतो वावरातून आला. लीड्समध्ये बसलेल्या माणसानं दोघांतला फरक कसा ओळखायचा?

आणि फक्त पैसेवालेच कशाला. मागच्या वर्षी तालुक्यातल्या एका पोरानं थोड्या हजारांसाठी आपलं बँक खातं, एटीएम आणि सिमकार्डासकट, कुणाला तरी वापरायला दिलं. कुठल्या तरी राज्यात कुणा म्हाताऱ्याला फोनवर फसवून काढलेले पैसे त्या खात्यातून पुढे सरकले. पोलीस आले ते ह्या पोराकडे. पैसे खाणारा कुठे होता ते अजून कळलेलं नाही. त्याहून वाईट वाटलं ते एका चहावाल्याचं. त्याच्या क्यूआर कोडवर अशाच कुठल्या तरी डागी खात्यातून चहा-पोह्याचे पैसे आले आणि खातं गोठवलं गेलं. त्याला कुणी विचारलंच नाही पैसा कुठून आला, सरळ कुलूप लावलं. ते बघितल्यावर मला लीड्सचा प्रश्न विचारणारा वकील बराच सभ्य वाटू लागला. विचारतोय तरी.

नोटबंदीच्या वेळी असं कुणी विचारलं नव्हतं. ८ नोव्हेंबर २०१६, म्हणजे घरोघरी कापूस-सोयाबीन येऊन पडलेलं होतं तेव्हा. आमच्या बायाबापड्यांचा व्यवहार जिल्हा बँकेत, आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. दारात येणारा व्यापारी म्हणायचा, जुन्या नोटा घेता तर हा भाव, चेक घेता तर तो भाव, आणि चेकचा भाव खालचा. कुणाचा काळा पैसा कुणाच्या कापसावर उतरतोय हे लहान पोरालाही कळत होतं. पुढे रिझर्व्ह बँकेनंच सांगितलं की रद्द केलेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. असो. त्या दिवसांत वहिनींचे गव्हाच्या कोठीतले सोळा हजार बाहेर आले होते आणि दादा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नव्हता, रागानं की लाजेनं ते त्यालाच ठाऊक.

त्या अनुभवानंतर वहिनींनी कोठी बंद केली आणि बचत गट धरला. आता गंमत बघा. वकिलाला शेवटी जे ३६,५०० समजावून द्यायचे होते, वहिनींचे, त्याबद्दल मी सगळ्यात घाबरले होते. बकऱ्या विकलेल्या, गटातून उचललेले. दादानं तर सुचवलं, थे सोडून दे, लिव बैलाचेच एक लाख एकतीस हजार पाचशे. मी म्हटलं, बैलाची पावती पंच्याण्णवची आहे. वहिनी उठल्या आणि पिशवीतून गटाचं वैयक्तिक पासबुक काढलं. मग अध्यक्षीणबाईंकडून गटाचं रजिस्टर मागवलं. हिरवं कापडी पुठ्ठ्याचं, लाल रेघा मारलेलं. दर बैठकीची तारीख, हजर सभासद, गैरहजर, दंड पाच रुपये. कुणी किती भरले, कुणी उचलले, कशासाठी उचलले. वहिनींच्या नावापुढे: शेळीपालन, कर्ज १५ हजार, हप्ते, व्याज, फिटलं. पुढे तीन बकऱ्या आणि एक बोकड विकल्याचे २४,५००, कारण गटाच्या नियमानुसार कर्जातून उभ्या राहिलेल्या धंद्याची मिळकतही सांगावी लागते. त्याच्या पुढच्या पानावर बचतीतून काढलेले १२ हजार, कारणाच्या रकान्यात 'मुलाचे घर'. खाली सगळ्या बायांच्या सह्या. सातवी शिकलेल्या सचिवाचं ते अक्षर मी आमच्या शाळेतल्या मास्तरांना नेऊन दाखवलं.

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब लिहिणं, ही बचत गटांची पंचसूत्री गावात येणाऱ्या ताई वर्षानुवर्षं सांगत आल्या. पुरुष पारावर बसून हसायचे, दहा-वीस रुपयांसाठी केवढं लिखापढीचं काम म्हणून. नऊ लाखांतला हातातून हातात फिरलेला, सगळ्यात लहान वाटा हाच. त्याचीच कागदपत्रं सगळ्यात चोख निघाली. वकिलानं रजिस्टरच्या फोटोंवर उत्तर पाठवलं ते एका शब्दाचं होतं. एक्सलंट. वहिनींनी त्याचा अर्थ दोनदा विचारून घेतला, दुसऱ्यांदा दादा समोर असताना.

बक्षीसपत्रावर सही करताना दादा अडला. त्यातलं 'परत मागणार नाही' त्याला चाललं. 'घरात माझा कोणताही हक्क राहणार नाही' हे वाक्य वाचून झालं आणि त्यानं पेन खाली ठेवलं. "बाप पोराच्या घरी जाऊन राहाले लागला त काय पायऱ्यावर बसाचं?" मी सांगितलं, राहण्याबद्दल नाहीये ते, मालकीबद्दल आहे. तू त्याला दिलेलं कर्ज म्हणून ही रक्कम उभी राहिली तर त्यांच्या बँकेला ते आधी मोजावं लागतं. त्याला पटलं असं मी म्हणणार नाही. वहिनींनी सही केली, मग त्यानं केली.

पैसा पाठवणं त्यामानानं सोपं. गावच्या शाखेत परदेशी पैसा पाठवायची सोय नव्हती, अमरावतीला जावं लागलं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, हे ऐकून दादा काउंटरवरच हसला. ए-टू फॉर्म, पॅन, कारण: नातेवाइकाला भेट. दहा लाखांच्या आत असल्यामुळे टीसीएस, म्हणजे बाहेर पैसा पाठवताना बँक आधीच घेते तो कर, कापला गेला नाही. काउंटरवरच्या मुलीनंही विचारलं, काका, पैसे कसले आहेत? दादानं सगळी फाईल तिच्यापुढे ठेवली, बैलांपासून. ती म्हणाली, एवढं नको होतं, नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

भाच्याला घर मिळालं. वास्तुशांतीला इथून कुणी गेलं नाही, व्हिडिओवर नारळ फोडला. व्हिसासाठीही सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं म्हणे, ते ऐकून दादानं विषयच बंद केला.

पण २०२५-२६ च्या हंगामात त्याची एक सवय बदलली. हमीभाव ८,११० झाला, सीसीआयची नोंदणी मोबाईलच्या ॲपवर आली. चांगला कापूस तिकडेच गेला. राहिलेल्या शेवटच्या वेचणीसाठी तोच व्यापारी दारात आला तेव्हा दादा म्हणाला, पक्की पट्टी दे. तो म्हणाला, पट्टी पाहिजे त क्विंटलमागं शंभर कमी, आन् पट्टीबी दुसऱ्याच्या नावानं भेटन. दादानं मनातल्या मनात हिशेब केला, बाया ओट्यावर हिशेबाला बसलेल्या होत्या, आणि रोखच घेतले. मात्र माप चालू असताना मोबाईल काढून उभा राहिला. काट्यावरच्या आकड्याचा फोटो, गाडीच्या नंबराचा फोटो, मोजलेल्या नोटांचा फोटो. सगळे मला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली लिहिलं, ठिव जो बाई. त्यातल्या शेवटच्या फोटोत व्यापाऱ्यानं तोंडावरून दुपट्टा ओढून घेतला आहे.